भिवंडीची शस्त्रवाट

कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली ती २४ ऑक्टोबर १६५७ रोजी, ऐन वसुबारसेला. दादाजी बापूजींनी कल्याण घेतलं, सखो कृष्ण लोहोकऱ्यांनी भिवंडी. पुढे इथल्या खाडीत महाराजांनी गलबतं बांधायला घेतली, हे आपण शाळेत आरमाराच्या धड्यात वाचलेलं असतं. भिवंडीत उतरलो तेव्हा माझ्या मनात मात्र कोकणच्या बंदरांतून आत आलेलं पोलाद होतं. मराठ्यांच्या जुन्या तलवारी आणि पट्टे नीट पाहिले, तर त्यांतली कित्येक पाती युरोपात घडवलेली निघतात. पातं परदेशी, मूठ इथल्या कारागिराची आणि चालवणारा हात मावळातला नाही तर कोकणातला. फिरंग म्हणतात ती अशीच तलवार.

आज इथे पोलादाचा आवाज येतो तो यंत्रमागांचा. गल्लीगल्लीतून तो खडखडाट चालू असतो. गावाच्या कडेला एका मैदानात मुलं लाठी फिरवत होती, तिथवर तो पोचत होता. सुट्टीचे दिवस होते. वस्ताद साठीच्या पुढचे, अंगात बंडी, पायांत काही नाही. लाठी हातात येण्याआधी मुलांना नुसते पवित्रे करायला लावत होते. पुढे, मागे, वळण, बैठक. पाय पक्के झाल्याशिवाय काठी नाही. एक मुलगी वार अडवताना सारखी चुकत होती. वस्ताद म्हणाले, "काठीच्या टोकाकडं बघू नको गं, त्याच्या खांद्याकडं बघ. हात निघायच्या आधी खांदा सांगतो." पुढचा वार तिने अडवला. त्यानंतरचा हुलीचा होता, तोही तिने ओळखला.

मग त्यांनी पट्टा काढला. हे हत्यार जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पातं लांब, सरळ, दुधारी आणि लवचिक. मूठ आडवी, लोखंडी खोबळ्याच्या आत. हात कोपरापर्यंत त्यात जातो आणि पट्टीने आवळला जातो. एकदा हात आत गेला की मनगट बंद. तलवार मनगटावर खेळते. पट्ट्याला ती सोय नाही, म्हणून खांदा, कंबर आणि पाऊल यांनाच पातं फिरवावं लागतं. वस्तादांनी एका पोराच्या तळहातावर लिंबू ठेवलं, दोन गिरक्या घेतल्या आणि लिंबाच्या दोन फाका खाली पडल्या. तळहात जसाच्या तसा. हातापेक्षा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. गिरकी संपताना डावं पाऊल दर वेळी त्याच जागी येत होतं.

नदीनाक्यावरून वाड्याचा रस्ता धरला की गोदामं मागे पडत जातात आणि शेतं, पाडे सुरू होतात. रस्त्याने चालणाऱ्या वारली-कातकरी माणसांच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी असते आणि तिच्यात कोयता अडकवलेला असतो. पातं आत वळलेलं, धार रोजच्या वापराने लखलखीत. फाटी तोडायची, गवत कापायचं, वाटेतलं जाळं साफ करायचं, वेळ पडली तर जनावर हाकलायचं, सगळ्याला हाच. तो पाहिला की ओकिनावाची आठवण होते. तिथल्या कोबुदो विद्येत कामा म्हणजे विळा, तोन्फा म्हणजे जात्याचा खुंटा, अशी शेतकऱ्याची अवजारं शस्त्रं झाल्याचं सांगतात. हत्यारबंदी आली म्हणून शेतकऱ्यांनी अवजारं उचलली, ही ती प्रसिद्ध कथा. अलीकडचे अभ्यासक ती जशीच्या तशी मानत नाहीत. ही विद्या जपली ती मुख्यतः तिथल्या मानकरी घराण्यांनी, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. अवजार हाताशी असतं, पण त्याचे डावपेच बसवायला फुरसत लागते, गुरू लागतो, पिढ्या लागतात. आकडीतल्या कोयत्याला तेवढी फुरसत कधी मिळाली नाही.

अंबाडीवरून वज्रेश्वरी. तानसा नदी, गरम पाण्याची कुंडं, अकलोली-गणेशपुरीला निघालेली माणसं. देवळाला बावन्न पायऱ्या. चढताना एका पायरीवर सोनेरी कासव आहे, लोक त्याला हात लावून पुढे जातात. भोवती दगडी कोट, जणू किल्लाच. त्यालाही कारण आहे. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजीअप्पांचा मुक्काम या भागात पडला आणि किल्ला मिळाला तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी बोलला, असं सांगतात. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं.

गाभाऱ्यात देवीच्या हाती खड्ग आणि गदा. बाजूला रेणुका, कालिका आणि परशू घेतलेला परशुराम. देवीचं नाव मात्र यांतल्या कुठल्याच शस्त्रावरून आलेलं नाही. वसिष्ठांच्या होमात आपल्याला आहुती मिळाली नाही म्हणून इंद्राने वज्र फेकलं आणि देवीने ते गिळलं, अशी इथली कथा. ते वज्र दधीचींनी आपली हाडं दिली तेव्हा घडलं होतं. शस्त्राच्या जन्माच्या कथा जगभर पुष्कळ आहेत. माणसाने स्वतःची हाडं काढून दिल्याची कथा त्या सगळ्यांत मला थोर वाटते. हेच वज्र बौद्धांबरोबर पार जपानपर्यंत गेलं. नारा शहरात तोदाइजीच्या महाद्वारात १२०३ साली कोरलेले दोन लाकडी द्वारपाल आहेत, प्रत्येक आठ मीटरहून उंच, आणि त्यांतल्या एकाच्या हातात वज्र आहे. परशुरामाचंही तसंच. केरळात कळरिपयट्टूची परंपरा आपलं मूळ त्याच्याकडे नेते आणि तिथेही आधी शरीर, मग लाकडी आयुधं, त्यानंतर धातूची, हाच क्रम. मैदानातल्या त्या मुलीला पवित्रे घोटल्यावरच काठी मिळाली होती.

परतताना दुगाडला थांबलो. मागे गुमतारा किल्ला, खाली भाताची खाचरं. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडार्डने वसई घेतली आणि लागलीच १२ तारखेला इथे हार्टली या इंग्रज अधिकाऱ्याच्या फौजेवर रामचंद्र गणेश कानडे तुटून पडले. दाट धुकं होतं, त्याच्या आडोशाने मराठे टेकडीजवळ पोचले. धुकं एकाएकी फाटलं, तोफा-बंदुकांसमोर सगळे उघडे पडले आणि रामचंद्र गणेश तिथेच पडले. दहा-अकरा वर्षांपूर्वी उत्तरेच्या मोहिमेचं नेतृत्व केलेला हा सरदार. त्यांच्या माणसांना पट्टा येत असेल, भाला येत असेल, घोड्यावरची बोथाटी तर लहानपणापासून आली असेल. तोफेच्या छर्‍याचा खांदा आधी हलत नाही. या खाचरांत उभं राहिलं की ते फार टोचतं, आणि मी ते टाळून पुढे जाऊ शकत नाही.

तरीही विद्या मेली नाही, कारण ती तालमीत गेली. लहुजी वस्ताद साळव्यांनी पुण्यात तालीम चालवली. जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी त्यांच्याकडे शिकले. १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला, तेव्हा फरीगदका, लाठी, बनेटी यांच्या रूपात डाव शाबूत राहिले. कोल्हापुरात मर्दानी खेळांच्या तालमी आजही भरतात. हे काम कुण्या एका जातीचं किंवा घराण्याचं नव्हतं. ज्याने शिकवलं त्याने टिकवलं.

१९ फेब्रुवारी २०२४ ला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी जुलैत लंडनहून आलेली वाघनखं पाहायला साताऱ्यात रांगा लागल्या. भिवंडी तालुक्यातल्या मराडेपाड्याला १७ मार्च २०२५ रोजी महाराजांचं मंदिर खुलं झालं. मूर्ती अरुण योगीराजांनी घडवलेली, भोवती किल्ल्यासारखी तटबंदी. सगळं आनंदाचं आहे. पण काचेआड ठेवलेल्या हत्याराला लवचिक पातं का आहे, हे काचेबाहेरून उमगत नाही. त्यासाठी खोबळ्यात हात घालणारा माणूस समोर हवा. मराडेपाड्याच्या त्या तटाच्या आत रोज संध्याकाळी तासभर तालीम भरावी, असं मला मनापासून वाटतं. एक जाणता वस्ताद, त्याला दरमहा वेळेवर मिळणारं मानधन, वेताच्या काठ्या आणि तालुक्यातल्या पाड्यांवरून मुलं आणायला एक गाडी. मुली आधी याव्यात. त्या मैदानात तरी खांद्याकडे बघायला त्याच लवकर शिकत होत्या.