आकाशांतील पायऱ्या

सायंकाळच्या आकाशांत निळा रंग कोठें संपतो आणि केशरी कोठें सुरू होतो, हें कोणास बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. यंत्रास मात्र हा उतार पायऱ्यांनींच उतरावा लागतो.

आमच्या पुतण्यानें कोंकणांतील वडिलोपार्जित घराचें ड्रोननें चित्रण केलें. पुढें तें घर पाडलें गेलें. संपादन करतांना रंग गडद करतांच घरावरील आकाशांत पट्टे उमटले. चित्रण ८ बिटांचें होतें. म्हणजे तांबडा, हिरवा व निळा यांस प्रत्येकीं २५६ छटा. १० बिटांत त्या १०२४ असतात. आकाशाच्या वांट्यास त्यांतल्या थोड्याच येतात, आणि त्या ताणल्या कीं मधली फट दिसूं लागते. शंभर गुणांऐवजीं चारच श्रेणी ठेवल्या, तर शेजारच्या दोन विद्यार्थ्यांत उगाच दरी पडते, तसाच हा प्रकार.

प्रथम दुसऱ्या पडद्यावर पाहावें. कधीं दोष पडद्याचाच असतो. मग रंगांची ओढाताण कमी करावी, आणि आकाशावर ग्रेनचे बारीक कण पसरावे. त्यांनीं पायरीची कड मोडते व डोळ्यांस उतार भासतो. अखेरची फाइल पुरेशा बिटरेटनें काढावी. नाहीं तर कॉम्प्रेशनमध्यें कण गळून पट्टे परत येतात.

‘भासतो’ असें आम्ही मुद्दाम म्हणतों. न टिपलेली छटा, फाइल मागाहून १० बिटांची केल्यानेंही लाभत नाहीं. जुन्या वास्तूंचें चित्रण करणाऱ्यांनीं कॅमेऱ्याची ही सोय उड्डाणापूर्वींच पाहून घ्यावी, एवढीच आमची विनंती.