प्रश्न कोणत्या जातीचा?

काही माणसांना प्रश्न सोडवण्याची फार घाई असते. पोट दुखते म्हणावे, की यांच्या तोंडी ओव्याचे नाव आलेच! कुठे दुखते, केव्हापासून दुखते, हे विचारण्याइतका धीर कोणाला? आम्ही मराठी शिकवणारे लोक या बाबतीत जरा संथ. समास सोडवायचा तर आधी त्याची जात ओळखावी लागते. ‘पीतांबर’ हा साधा शब्द घ्या. ‘पिवळे असे वस्त्र’ असा विग्रह केला, तर तो कर्मधारय. घडी करून कपाटात ठेवावा. ‘पिवळे आहे वस्त्र ज्याचे तो’ म्हटले, की तोच बहुव्रीही होतो आणि साक्षात विष्णू समोर उभा राहतो. अक्षरे तीच, पण प्रकरण निराळे.

संगणकाच्या धंद्यातही अशी विग्रहाची विद्या आहे, हे मला भाच्याकडून कळले. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. त्याने आणून दिलेल्या पुस्तकावर लेखकाचे नाव होते मायकेल जॅक्सन! मी चपापलो. पण हे गाणारे-नाचणारे नव्हेत. हे इंग्लंडातले संगणकतज्ज्ञ. पुस्तक २००१ सालचे, नाव ‘प्रॉब्लेम फ्रेम्स’. यंत्राला काय करायला सांगायचे हे ठरवण्याआधी आपला प्रश्न कोणत्या साच्यातला आहे ते पाहा, असे त्यांचे सांगणे. या विचारामागे गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांचे १९४५ सालचे पुस्तक आहे. पोल्यांनी गणिताच्या प्रश्नांच्या दोन जाती मानल्या : काही शोधून काढण्याचे आणि काही सिद्ध करण्याचे. जात कळली, की पुढे काय काय विचारायचे तेही कळते.

जॅक्सनसाहेबांचे मूळ साचे पाच. चौकातल्या सिग्नलप्रमाणे ठरल्या नियमाने बाहेरची वस्तू आपणहून चालवायची, हा पहिला. लिफ्टप्रमाणे माणसाचा हुकूम पाळायचा, मात्र वाटेत दार उघडण्याचा हुकूम मुळीच पाळायचा नाही, हा दुसरा. फलाटावरच्या पाटीप्रमाणे बाहेर काय चालले आहे ते दाखवायचे, हा तिसरा. मजकूर लिहायला, खोडायला, जुळवायला साधन द्यायचे, हा चौथा. आणि गुणांच्या याद्यांवरून निकालपत्रक करावे तसे एका मालाचे नियमाने दुसरे रूप करायचे, हा पाचवा. व्यवहारातले प्रश्न बहुधा यांचे कडबोळे असतात. ते आधी सुटे करावे लागते. प्रत्येक साच्याची आपली अशी एक काळजी असते. तिसऱ्याची काळजी ही, की बाहेरची खरी स्थिती यंत्राला कोणत्या खुणेवरून कळते, आणि ती खूण कितपत भरवशाची?

इथे मला माझी मावशी आठवली. मावशी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, आता ब्याऐंशीची. नोव्हेंबर आला, की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी ती त्यासाठी यंत्रापुढे बसली. अंगठा ठेवला, जुळेना. पदराला पुसून ठेवला, तरी जुळेना. सगळी बोटे झाली. खडूने, भांड्यांनी आणि वयाने रेषा झिजून गेल्या होत्या. खिडकीतला मुलगा अदबीने म्हणाला, “आजी, मशीन घेत नाही.”

“अरे बाळा, मशीन घेत नसेल, पण तू तर मला बघतोयस ना?”

तो ओशाळला. पण त्याने बघितले, हे नोंदवायला त्याच्या पडद्यावर जागाच नव्हती. दोन महिने पेन्शन अडली. औषधे मी आणली, पण प्रत्येक वेळी मावशी वहीत रक्कम लिहून ठेवी. जन्मात कोणापुढे हात न पसरलेली बाई ती! अखेर एका अधिकाऱ्याने तिला समोर बसवून, कागद पाहून, सहीनिशी दाखला दिला. पेन्शन आली त्या दिवशी वहीतला हिशेब तिने पैशासह माझ्या हाती ठेवला, आणि मला तो घ्यावा लागला.

प्रश्न होता, “ही बाई हयात आहे का?” यंत्राला विचारले गेले, “हा अंगठा जुळतो का?” यंत्राने आपले काम चोख केले, विग्रह मात्र आधीच चुकला होता. फसवणूक टाळायची तर खूण हवी, हे मान्य. पण खूण झिजते आणि माणूस उरतो. प्रश्नाचा साचा ज्याने ओळखला, त्याला खुणेने दगा दिला तर काय करायचे हे आधीच सुचते, आणि खिडकीवर दुसरी वाट तयार राहते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी २०२१ साली चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली. चांगली गोष्ट झाली. पण चेहरा हीदेखील खूणच, हे विसरू नये.

बहुव्रीहीचा अर्थ त्याच्या दोन्ही पदांच्या बाहेर असतो. ‘लंबोदर’ म्हणजे लांबही नव्हे नि उदरही नव्हे, तो गणपती. जॅक्सनसाहेबही वारंवार हेच बजावतात, की प्रश्न यंत्रात शोधू नका, तो बाहेरच्या जगात आहे. आमच्या मावशीचा प्रश्न खिडकीबाहेरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. मान वर करून पाहिले असते, तरी दिसला असता.