एक वर्ष आधी

३१ मे हा महाराष्ट्रातल्या शाळांमधला आणि सरकारी कार्यालयांमधला निरोप समारंभांचा दिवस. त्या एका दिवशी एवढी माणसं निवृत्त होतात, याचं कारण एवढ्यांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून असते. ती घातलेली असते गावोगावच्या गुरुजींनी. जूनमध्ये शाळा भरायची, पोराला सहा वर्षं पुरी झालेली हवीत आणि आईला तारीख ठाऊक नाही. ती सांगणार, पेरण्या उरकल्या होत्या, नाहीतर आखाड लागला होता. मग गुरुजी जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे.

माझ्या वडिलांची तारीखही तीच. आजी सांगायची, गौरी जेवल्या त्या दिवशीचा तो. म्हणजे भाद्रपदातला. पण वय भरावं म्हणून त्यांच्या गुरुजींनी आदल्या वर्षीचा १ जून लिहिला आणि वडील एका रेघेत सव्वा वर्षानं मोठे झाले. शाळेत लवकर बसले, लवकर फायनल झाले, कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक म्हणून लवकर लागले. आणि अर्थातच निवृत्तही सव्वा वर्ष आधी झाले. हातीपायी धड असताना, चौथीचा वर्ग मनासारखा जमून आलेला असताना त्यांना घरी बसावं लागलं. सुरुवातीला मिळालेलं सव्वा वर्ष शेवटी व्यवस्थेनं परत घेतलं, आणि या देवघेवीत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

माझ्या बाबतीत ठरवणारे वडीलच. तेव्हा शाळेत बसवण्याआधी एक परीक्षा असायची. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला, तर पोर शाळेजोगं झालं. माझी बोटं कानाच्या वरच्या पाळीपर्यंत जेमतेम टेकत होती. पण घरी पाटीवर बेरजा सुटत होत्या आणि थोरल्या भावामागे मी रोज शाळेत जाऊन बसतच होते. वडिलांनी नाव घातलं. पुढे सगळ्या वर्गांत मी वयानं सगळ्यांत धाकटी राहिले.

मग १९७५ साल आलं. महाराष्ट्रात त्या वर्षी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकची शेवटची तुकडी बाहेर पडली आणि नव्या आकृतिबंधातल्या दहावीची पहिली. भाऊ अकरावीला, मी दहावीला. एका घरात, एकाच वर्षी दोन एस.एस.सी. एका कंदिलाच्या दोन बाजूंना आम्ही बसायचो. तो जुन्या अभ्यासक्रमाचं बीजगणित करायचा, मी नव्या. आमच्या अख्ख्या पिढीची शाळा सरकारनं एक वर्ष आधी संपवली होती. आईला वाटलं, मुलीचं वर्ष वाचलं. वडिलांनी मात्र हिशेब मांडून दाखवला: जुन्या पद्धतीत अकरा अधिक चार, नव्या पद्धतीत दहा अधिक दोन अधिक तीन. बेरीज दोन्हीकडे पंधराच. शाळेतून काढलेलं वर्ष ज्युनियर कॉलेजात नेऊन ठेवलं होतं, इतकंच.

कॉलेजात गेले तेव्हा मला पंधरावं नुकतंच लागलं होतं. गणित सगळ्यांच्या आधी सुटायचं, पण मधल्या सुट्टीत मुली ज्या गोष्टी बोलायच्या त्यांत मला शिरकाव नव्हता. त्यांना स्थळं सांगून येत होती. त्या हसता हसता एकदम गप्प व्हायच्या, आणि त्यांचं काय दुखतंय हे मला कळायचं नाही. अभ्यासाचं वय आणि मनाचं वय वेगळं चालतं, हे तिथं उमगलं. ती दोन वर्षं मी एकटीनं काढली, असं म्हटलं तरी चालेल.

तरीही त्या आधी मिळालेल्या वर्षानं मला माझी नोकरी दिली. बी.एस्सी. झाले तेव्हा घरात लग्नाचा विषय सुरू व्हायला अजून अवकाश होता, कारण मी एकोणीसचीच होते. त्या फटीत मी बी.एड. करून घेतलं. माझ्याबरोबरच्या, माझ्याहून हुशार मुलींना ती फट मिळाली नाही. पदवीचा निकाल आणि लग्नपत्रिका एकाच महिन्यात हाती आली. १९८० च्या सुमाराला आमच्याकडच्या मुलीसाठी एका वर्षाची किंमत एवढी होती. म्हणून घाई वाईटच, असं मी कधी म्हणणार नाही.

पुढे हायस्कुलात शिकवताना वर्षाची दुसरी बाजू दिसली. शाळा सुटून गेलेली मुलं १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायची. ऊसतोडीला गेलेला एखादा, लग्न होऊन लेकराला आजीकडे ठेवून आलेली एखादी. पुस्तकांची यादी ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत. अक्षर सुटलेलं असायचं, पण प्रश्न नेमके असायचे. दोन-चार वर्षं उशिरानं आलेल्या या विद्यार्थ्यांइतकं मन लावून बसणारं नियमित वर्गात क्वचित कुणी दिसलं. त्यांच्यापुढे ‘वर्ष वाया गेलं’ हे शब्द तोंडातून काढायला मला लाज वाटे. ती मुलं आपण होऊन आली होती.

२०१६ मध्ये मुंबईच्या एका सतरा वर्षांच्या मुलीची बातमी गाजली. सातवीनंतर आईनं तिला शाळेतून काढून घरी शिकवलं होतं. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली होती, पण बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार बंद. अमेरिकेतल्या एमआयटीनं मात्र तिला घेतलं. आमच्या गावातल्या काही पालकांनी त्यातून एवढंच घेतलं की शाळा लवकर सोडवली की मूल पुढे जातं. त्या मुलीला प्रोग्रॅमिंगचं वेड होतं आणि शाळेबाहेरचा वेळ तिला त्यासाठी हवा होता, ही मुख्य गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली.

आणि आता माझी नात. न्यू जर्सीत, एडिसनला असते. चार वर्षांचं हायस्कूल तीन वर्षांत संपवू का, असा तिचा प्रश्न. तिकडे नुसता वर्ग पास होऊन भागत नाही, क्रेडिट जमवावे लागतात. तिच्या राज्यात किमान १२०. त्यांत इंग्रजीचे २०, म्हणजे चार वर्षांचं इंग्रजी. तीन वर्षांत संपवायचं, तर एकाच वर्षात दोन इंग्रजी घ्यायची किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत एक उरकायचं.

“सीनियर इयरला माझ्यासाठी उरलंच काय आहे आजी? मला कंटाळा आलाय.”

“कंटाळा आला म्हणून सोडू नकोस. सुटलेल्या वर्षात काय करणार ते सांग.”

लेकीला काळजी दुसरीच. वयानं मोठ्या मुलांत पोरगी एकटी पडेल, धावण्याच्या टीममधून बाहेर जाईल. मला माझी मधली सुट्टी आठवत होती, त्यामुळे लेकीचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही.

नातीनं काही आठवडे घेतले. मग एका रविवारी तिनं व्हिडिओ कॉलवर कागद धरून दाखवला. तीन वर्षांत डिप्लोमा घ्यायचा. मोकळ्या वर्षात काउंटी कॉलेजात जीवशास्त्राचे दोन विषय घ्यायचे, उरलेला वेळ जनावरांच्या दवाखान्यात काम करायचं. विद्यापीठात मात्र बरोबरीच्या मुलांसोबतच जायचं. हायस्कूल झाल्यावर कॉलेजचे विषय घेतले, तर आपला अर्ज नवीन विद्यार्थ्यांत धरणार की बदलून येणाऱ्यांत, हे तिनं पसंतीच्या विद्यापीठांना आधीच मेल करून विचारलं होतं. कारण त्यावर शिष्यवृत्ती अवलंबून असते. टीम सुटणार, हेही कागदावर होतं, ‘तोटा’ या रकान्यात, सगळ्यांत वर.

मी तिच्या बाजूनं कौल दिला. वडिलांचं वर्ष गुरुजींच्या टाकानं ठरवलं, माझं वडिलांनी आणि सरकारनं. चार पिढ्यांत आपलं वर्ष स्वतः ठरवणारी ही पहिली. तोटा कुठे आहे ते तिला दिसतंय आणि तो सोसायची तिची तयारी आहे. सोळाव्या वर्षी याहून जास्त काय मागायचं?

मुलाला वरच्या वर्गात बसवू का, परीक्षा बाहेरून देऊ का, असं विचारत अजूनही पालक माझ्याकडे येतात. मी त्यांना दोनच गोष्टी विचारते: हे वर्ष कुणाला हवंय, आणि कशासाठी? उत्तर मुलाच्या तोंडून आलं, तर एक वर्ष आधी बाहेर पडण्यात काही बिघडत नाही, आणि एक वर्ष जास्त थांबण्यातही नाही.