आत्याच्या घरी एक कोरी वही

उदगीरहून एस.टी.ने आम्ही जळकोटला निघालो, तेव्हा पिशवीत आत्यासाठी लुगडे होते आणि दोनशे पानी कोरी वही होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगराळ माळ, मधून सोयाबीन-तुरीची राने. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "तलाठी हाव का?" आम्ही हसलो. वहीचे कारण सांगायचे तर अमेरिकेपासून सुरुवात करावी लागली असती.

वाचकहो, एलिनॉर झेलियट हे नाव आपल्या घराघरांत माहीत असायला हवे. या बाई १९२६ साली अमेरिकेत जन्मल्या. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारही नव्हते. १९६१ ला ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. जगातली एवढी मोठी घटना, पण परदेशी विद्यापीठांतून तिचा अभ्यास करणारे थोडे. झेलियटबाईंनी नेमका हाच विषय धरला. मराठी शिकल्या, महाराष्ट्रात राहिल्या, चळवळीतल्या माणसांना भेटल्या, जुने कागद वाचले. १९६९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात त्यांनी १९९७ पर्यंत इतिहास शिकविला. 'फ्रॉम अनटचेबल टू दलित' हे त्यांचे पुस्तक १९९२ चे, 'आंबेडकर्स वर्ल्ड' २०१३ चे. २०१६ साली त्या वारल्या. अख्खे आयुष्य त्यांनी आपल्या चळवळीच्या अभ्यासाला दिले.

हे काम उभे राहिले ते माणसांनी सांगितले आणि कागद जपले म्हणून. पण निजामी मुलखातल्या आमच्या खेड्यापाड्यांत कोण विचारायला येणार? आजोबा गेले तेव्हा आम्ही नोकरीच्या धावपळीत होतो. विचारायचे राहूनच गेले. आता उरली ऐंशीच्या घरातली आत्या.

आम्ही पडलो कारकून, आधी कागद मागितले. तिच्या थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जुना धर्म, जुनी जात. भिंतीवर मात्र बुद्ध आणि बाबासाहेब. धर्मांतरितांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नव्हत्या, म्हणून कागदावर एक आणि घरात एक. नुसता दाखला वाचणारा अभ्यासक इथे फसलाच असता.

"काय लिव्हायलास रे? म्या अडाणी, मला काय इचारतूस," आत्या म्हणाली. पण चहा झाल्यावर बोलू लागली. धम्मदीक्षेची बातमी गावात आली तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती. मेलेली ढोरे ओढणे बंद झाले. गावाने काम बंद केले. घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले.

आम्ही लिहिले, "आजोबांनी देव नदीत सोडले." आणि वाचून दाखविले.

"खोड ते," आत्या म्हणाली. "बाप काठावरच उभा हुता. त्याचे पाय उचलंनात. मायनं गाठोडं घेतलं आन् कमरंएवढ्या पाण्यात गेली. नुसतं बापाचं लिव्हू नगंस."

आम्ही ओळ खोडली. तोवर आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हते.

संध्याकाळच्या गाडीपर्यंत अकरा पाने भरली. आत्याने बजावले, "पुन्हा ये, आजून लई हाय." बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात अशी एखादी आत्या, आजी असेल. येत्या रविवारी तिच्याजवळ वही घेऊन बसा. आणि लिहिलेले तिला वाचून दाखवा.

जयभीम.