भोवऱ्यांच्या कडेला

चेन्नईत दिवाळी पावसात येते. महाराष्ट्रात परतीचा पाऊस ओसरून पहाटे गारवा जाणवू लागतो, तेव्हा इथे ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प ओढून आणत असतात. वर्षाच्या पावसातला निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच पडतो. डिसेंबर २०१५ च्या सुरुवातीला तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला आणि अड्यार नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चारही मोठे जलाशय जवळपास कोरडे पडले. अशा शहरात राहणाऱ्याला ढगाकडे नुसतं शोभेसाठी बघता येत नाही.

मी टर्ब्युलन्सचा, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचा, आणि त्यात सापडलेल्या कणांचा अभ्यास करते. अशा प्रवाहात मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान होतात आणि शेवटी साधारण मिलिमीटरच्या पातळीवर हवेची श्यानता त्यांची ऊर्जा उष्णतेत जिरवून टाकते. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये या उतरंडीचा हिशेब मांडला. पुरी उपपत्ती मात्र आजही कुणाच्या हाती नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आपल्याला ताऱ्यांमुळे ठाऊक आहेत; पण कणांच्या स्वैर भटकंतीच्या गणितावरचा त्यांचा १९४३ चा प्रदीर्घ लेख आमच्या क्षेत्रात अजून वाचला जातो, आणि पुढे काही वर्षं ते टर्ब्युलन्सच्याच मागे लागले होते. १९५५ मध्ये त्यांनी मांडलेली उपपत्ती टिकली नाही. एवढ्या ताकदीच्या माणसालाही ज्याने दाद दिली नाही, असा हा प्रश्न आहे.

खळबळ म्हणजे मिसळण, अशी आपली समजूत असते. धूर विरतो, शाई पाण्यात पसरते. ही समजूत अर्धी बरोबर आहे. कण अतिशय हलका असेल तर तो हवेबरोबर निमूट जातो आणि पसरतो. पण कणाला स्वतःचं जडत्व असेल तर त्याला हवेचं वळण घेता येत नाही. खळ्यावर उफणणी करताना वाऱ्याबरोबर भूस जातं आणि दाणा जवळच पडतो, तोच हा भेद. फिरत्या भोवऱ्यात सापडलेला जड कण बाहेर फेकला जातो आणि दोन भोवऱ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत असे कण दाटी करतात. म्हणजे जी घुसळण विखुरते, तीच गोळाही करते. माझ्या साऱ्या कामाचा गाभा हाच आहे.

कुठला कण हलका आणि कुठला जड, हे त्याच्या वजनावरून ठरत नाही. कणाला प्रवाहाशी जुळवून घ्यायला लागणारा वेळ आणि भोवऱ्याला फिरायला लागणारा वेळ यांच्या गुणोत्तराला स्टोक्स अंक म्हणतात. तो फार लहान असेल तर कण भोवऱ्याबरोबर जातो. फार मोठा असेल तर भोवऱ्याची दखलच घेत नाही. एकच्या आसपास असला की दाटी सर्वांत जास्त होते. १९८७ मध्ये मार्टिन मॅक्सी यांनी आणखी एक चकित करणारी गोष्ट दाखवली: असे कण घुसळत्या हवेत शांत हवेपेक्षा लवकर खाली येतात, कारण ते भोवऱ्याच्या उतरत्या बाजूकडे ढकलले जातात.

आता ढगाकडे येऊ. सोलापूरचे माझे मामा मला दर उन्हाळ्यात विचारतात, ‘‘अगं, ढग येतात, डोक्यावर थांबतात आणि तसेच जातात. पाणी असतं ना त्यांच्यात, मग पडत का नाही?’’ याहून चांगला प्रश्न मला परिषदांमध्येही क्वचितच ऐकायला मिळतो. ढगातला थेंब साधारण १० मायक्रॉन त्रिज्येचा असतो आणि सेकंदाला सेंटिमीटरभर वेगाने खाली सरकतो. हा पाऊस नव्हे. एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. बाष्प साचून थेंब १५-२० मायक्रॉनपर्यंत भराभर वाढतो, पुढे मात्र ही वाढ मंदावते. आणि केवळ वजनामुळे खाली येताना इतर थेंबांना गिळत जाणं नीट सुरू होतं ते ४० मायक्रॉनच्या आसपास. मधल्या टप्प्यात थेंब अडकायला हवा. तरीही कित्येक ढग अर्ध्या तासात बरसतात. हा टप्पा त्यांना कोण पार करून देतं?

खळबळच, असा संशय १९५६ मध्ये सॅफमन आणि टर्नर यांच्या शोधनिबंधापासून आहे. २००२ मध्ये फाल्कोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दाटीबरोबरच दुसरीही एक गोष्ट घडते. जोरकस भोवऱ्यांतून गोफणीसारखे भिरकावलेले थेंब एकाच जागी वेगवेगळ्या वेगाने येऊन धडकतात. बंगळुरूच्या आयसीटीएस संस्थेत रमा गोविंदराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकट्या भोवऱ्याजवळ हे कसं होतं, ते बारकाईने तपासलं. मला त्यांची पद्धत फार भावते. अवघा ढग कवेत घेण्याआधी एक भोवरा पुरता समजून घ्यायचा.

कारण अवघा ढग संगणकात मावत नाही. किलोमीटरभर रुंदीचा ढग मिलिमीटरच्या जाळीत बसवायचा तर एकावर अठरा शून्यं इतके बिंदू लागतात. १९७२ मध्ये ऑर्झॅग आणि पॅटर्सन यांनी खळबळीचं पहिलं थेट सिम्युलेशन केलं तेव्हा जाळीत एकूण ३२,७६८ बिंदू होते. अलीकडे अमेरिकेच्या फ्रंटियर महासंगणकावर जे झालं, त्यात पेटीच्या एकेका बाजूलाच ३२,७६८ बिंदू आहेत, म्हणजे एकूण सुमारे ३५ लाख कोटी. तरीही ती ढगातली लहानशी पेटीच. पुण्यात १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० झाला नसता, तर आमच्या पिढीतल्या अनेकांना अशी गणितं करण्याचं धैर्य झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रयोगशाळेत आम्ही पाण्यात दहा मायक्रॉनचे पोकळ काचगोळे सोडतो, अंधारात लेसरचा पातळ हिरवा पडदा टाकतो आणि वेगवान कॅमेऱ्याने त्यांचे मार्ग टिपतो. २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने कणभौतिकीतले सिलिकॉन संवेदक वापरून दाखवलं की खळबळत्या पाण्यातल्या कणाला क्षणभर गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटीहून जास्त त्वरण मिळू शकतं. नुसती सरासरी पाहणाऱ्याला हे झटके कधी दिसत नाहीत, आणि गोफण तर त्यांच्यातच असते. याच कणविज्ञानाची दुसरी शाखा चेन्नईत आयआयटी मद्रासमध्ये महेश पंचाग्नुला यांच्या गटाने कोविडच्या काळात फुलवली. फुप्फुसातल्या सूक्ष्म नलिकांएवढ्या केशनळ्यांत तुषार सोडून त्यांनी पाहिलं की श्वास संथ असेल तर कणांना आत जास्त वेळ मिळतो आणि ते जास्त चिकटतात. तिथे प्रवाह शांत असतो, तरी कण किती जुळवून घेतो हा प्रश्न तोच.

मामांच्या सोलापुरात पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात विमानातून ढगांत क्षारकण पेरले. पेरलेल्या ढगांखाली सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस नोंदला गेला. मोठे क्षारकण सुरुवातीलाच मोठे थेंब करतात आणि अडलेला टप्पा ओलांडायला मदत करतात, असा त्यामागचा विचार. त्यात खळबळीचा वाटा किती, हे विमानातून कळणं कठीण आहे, कारण सेकंदाला शंभर मीटर जाणारं विमान एक सेंटिमीटर हवा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात मागे टाकतं.

महाबळेश्वरला ही अडचण नाही. तिथे याच संस्थेची ढगभौतिकीची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे आणि पावसाळ्यात ढग स्वतः जमिनीवर येऊन यंत्रांना वेढतो. तिथे लेसर आणि वेगवान कॅमेरे सलग काही वर्षं चालावेत, अशी माझी फार इच्छा आहे. सह्याद्रीच्या ढगात थेंब भोवऱ्यांच्या कडेला किती दाटतात आणि किती वेगाने आदळतात, हे मग आकड्यांत सांगता येईल. सिम्युलेशनमधली आमची पेटी त्या आकड्यांवर बेतता येईल. आज तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी आम्ही अंदाजाने भरतो.