वीस मिनिटांचा हिशेब

पेशंट खुर्चीत बसायच्या आधी त्याची फाईल टेबलावर येते. मायग्रेनच्या ऑराने बेजार झालेल्या माणसाची फाईल मला आता उघडताक्षणी ओळखू येते. चष्म्याच्या नंबराच्या दोन-तीन चिठ्ठ्या, सायनसचा एक्स-रे, मानेच्या मणक्यांचा एक्स-रे, पित्तावरच्या गोळ्यांची प्रिस्क्रिप्शनं आणि सगळ्यात मागे एमआरआयची भलीमोठी पिशवी. एवढ्या कागदांत एक गोष्ट मात्र कुठेच लिहिलेली नसते : त्रास सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती मिनिटं गेली? बहुतेक वेळा निदान त्या आकड्यापाशीच असतं.

अर्धशिशी आपल्याकडे घरोघरी आहे. शेजारच्या कर्नाटकात झालेल्या पाहणीत 18 ते 65 वयोगटातल्या साधारण चौघांतल्या एकाला वर्षभरात मायग्रेनचा त्रास झाल्याचं आढळलं होतं. मायग्रेन असणाऱ्या दर तीन-चार जणांत एकाला ऑरा येतो. तरीही ऑराबद्दल घरात कोणी बोलत नाही, कारण त्यात काही दुखत नाही. डोकं दुखलं तर माणूस सांगतो. दिसणंच चमत्कारिक झालं तर आधी स्वतःशीच घाबरतो आणि मग ‘पित्त डोक्यात चढलं असेल’ म्हणून गप्प बसतो.

ऑरात होतं ते साधारण असं. वाचता वाचता ओळीतलं एखादं अक्षर गायब होतं. डोळे चोळले तरी परत येत नाही. थोड्या वेळात त्या रिकाम्या जागेच्या कडेला लखलखणारी, कोनाकोनांची रेघ उमटते. ती थरथरत असते, हळूहळू मोठी होत एका बाजूला सरकते आणि अखेर नजरेच्या कडेवरून निघून जाते. काहींना याच्या जोडीला किंवा पाठोपाठ बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. त्या हातावरून चढत ओठापर्यंत, जिभेपर्यंत पोचतात. काहींना नेहमीचा शब्दच सुचत नाही. सांगायचं असतं ‘किल्ली’ आणि तोंडातून भलतंच येतं. त्यानंतर बहुतेकांचं डोकं दुखायला लागतं, काहींचं दुखतच नाही.

या प्रवासाचा वेग पहिल्यांदा मोजला तो एका पेशंटनेच. कार्ल लॅशली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांना स्वतःला ऑरा यायचा. नजर एका खुणेवर स्थिर ठेवून, न दिसणाऱ्या भागाची सीमा ते ठरावीक वेळाने कागदावर उतरवत. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचं केंद्र असतं. त्याच्या लांबीशी ही वेळ ताडून पाहत 1941 साली त्यांनी मांडलं, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर या गतीने सरकत असलं पाहिजे. ते ‘काहीतरी’ काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. 1944 साली आरिस्तिदेस लेआओ या तरुण ब्राझिलियन संशोधकाने हार्वर्डमध्ये सशाच्या मेंदूवर काम करताना ते टिपलं. तो अभ्यास करत होता फेफऱ्याचा. त्याला दिसली ती मेंदूच्या विद्युत हालचाली मंदावत नेणारी, संथ पसरणारी लाट. लाटेच्या पुढच्या कडेला चेतापेशी एकदम उद्दीपित होतात आणि मागोमाग काही मिनिटं थंड पडतात. लखलखणारी रेघ म्हणजे ही पुढची कड आणि न दिसणारा भाग म्हणजे तिच्यामागे गप्प झालेल्या पेशी. 2001 साली प्रत्यक्ष ऑरा चालू असलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही अशाच गतीने सरकणारा बदल दिसला.

गंमत म्हणजे पेशंटने काढलेलं चित्र त्याच्याही कितीतरी आधी शास्त्रात पोचलं होतं. इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1865 मध्ये स्वतःच्या ऑराचं वर्णन छापलं आणि त्यांचा डॉक्टर मुलगा ह्यूबर्ट याने 1870 मध्ये आपल्या ऑराच्या टप्प्याटप्प्याच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. ती कोनाकोनांची रेघ त्याला बुरुजांच्या तटबंदीसारखी वाटली होती. बाप आणि मुलगा दोघांनाही हा त्रास असावा, यात नवल नाही. मायग्रेन घराण्यात चालतं. ‘आईला असं कधी व्हायचं का?’ हा प्रश्न मी न चुकता विचारते. आणि पुष्कळदा बरोबर आलेली आईच मागून म्हणते, ‘अगं, मलाही व्हायचं की. मी समजायचे, सगळ्यांनाच होतं.’

वेळ आणि गती यांवर माझा एवढा भर आहे त्याचं कारण आता लक्षात येईल. दृष्टिकेंद्र काही सेंटीमीटरचं. मिनिटाला 3 मिलिमीटर म्हटलं, की पार करायला वीस-पंचवीस मिनिटं लागणार. म्हणून ऑराचं एकेक लक्षण साधारण 5 ते 60 मिनिटं टिकतं आणि ते हळूहळू पसरतं. लकव्याचं तसं नसतं. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, की हात, तोंड, नजर एकदम जाते. सरकत सरकत जात नाही. त्यात बहुधा काही ‘उमटत’ नाही, असलेलं नाहीसं होतं. फेफऱ्याच्या एका प्रकारातही प्रकाश दिसतो, पण ते बहुतेक वेळा रंगीत गोळे असतात आणि काही सेकंदांत किंवा दोन-तीन मिनिटांत आटोपतात. डोळ्याचा पडदा सुटत असेल तर लख्ख चमका, काळे ठिपके आणि पडदा ओढल्यासारखी सावली दिसते, तीही एकाच डोळ्यात. चार वेगळे आजार, चार वेगळ्या डॉक्टरी वाटा, आणि त्यांना वेगळं करणारं पहिलं साधन म्हणजे भिंतीवरचं घड्याळ.

एका शाळेतल्या बाई आठवड्यात दोनदा-तीनदा येणाऱ्या ऑराने हैराण होऊन आल्या होत्या. फळ्यावर लिहिताना स्वतःच लिहिलेल्या शब्दाचा अर्धा भाग दिसेनासा व्हायचा. वर्गाला कळू नये म्हणून त्या मुलांना वाचायला सांगून खुर्चीत बसायच्या. ‘मॅडम, डाव्या डोळ्यालाच होतं,’ असं त्यांनी ठामपणे सांगितलं. त्यांना मी चौकटीच्या वहीची पानं पर्समध्ये ठेवायला सांगितली. पानाच्या मधोमध पेनाने ठळक ठिपका. ऑरा सुरू झाला, की घड्याळ पाहून वेळ लिहायची, ठिपक्यावर नजर ठेवायची आणि रेघ जिथे दिसते तिथे पेन्सिलीने खूण करायची. पाच मिनिटांनी पुन्हा, मग पुन्हा. मध्येच एकेक डोळा हाताने झाकून पाहायचा. महिन्याने त्या पानं घेऊन आल्या. प्रत्येक पानावर चंद्रकोरीसारखे तीन-चार बाक, एकाबाहेर एक, डावीकडे मोठे होत गेलेले, आणि कोपऱ्यात वेळ. कुठला डोळा झाकला तरी रेघ तिथेच, अशी नोंद प्रत्येक पानावर. डाव्या डोळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू उजव्या मेंदूत दिसते, आणि लाट तिथे होती. त्या पानांनी मला जेवढं सांगितलं तेवढं पिशवीतल्या एमआरआयने सांगितलं नव्हतं.

एमआरआय करू नये असं मात्र नाही. काही वेळा तो तातडीने लागतो आणि तेव्हा पेन्सिल-वहीत वेळ घालवायचा नसतो. लक्षण एकदम, पूर्ण जोराने आलं. एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही झालं आणि वय पन्नाशीच्या पुढे आहे. ऑरा तासाच्या वर लांबला. आयुष्यात कधी नव्हतं एवढं डोकं क्षणात दुखायला लागलं. ताप आणि ताठ मान आहे. किंवा नेहमीच्या ऑराची तऱ्हाच बदलली, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. महाराष्ट्रात 108 ला फोन करावा. लकव्यातली गुठळी विरघळवण्याचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून शंका असेल तर ‘हा माझा नेहमीचाच ऑरा असेल’ असा निकाल घरी बसून देऊ नये. गरोदरपणात डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर त्याच दिवशी बीपी तपासावं; ते गरोदरपणातल्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं. आणि एकाच डोळ्याची नजर जात असेल तर आधी नेत्रतज्ज्ञ.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पांढऱ्या भागात बारीक ठिपके’ अशा अर्थाचं वाक्य असलं, की घरात रडारड सुरू होते. मायग्रेन असणाऱ्यांत असे ठिपके पुष्कळदा दिसतात. एरवी तपासणी ठीक असेल तर त्यावरून बुद्धी कमी होईल, असं मानायला आधार मिळालेला नाही. तुमच्या डॉक्टरांकडून ते वाक्य समजून घ्या. इंटरनेटवर शोधत बसू नका.

आता ज्यांना ऑरा वरचेवर येतो त्यांच्याविषयी. तीन दिवसांत तीन किंवा अधिक ऑरा आले तर डॉक्टरांना लवकर दाखवायला हवं. सरसकट वाढलेल्या संख्येमागे पुष्कळदा मोडलेली झोप, नव्याने सुरू केलेली गोळी, पाळीतले बदल किंवा लांबलेले उपास असतात. नवरात्रात नऊ दिवस चहा-साबुदाण्यावर काढणाऱ्या काकूंना मी उपास सोडा म्हणत नाही, कारण त्या सोडणार नाहीत. वेळेवर खा, पाणी प्या, जागरण टाळा, एवढं सांगते. दिवाळीतही तेच. पहाटे अभ्यंगासाठी उठायचं असेल तर आदल्या रात्री बारापर्यंत फराळ तळत बसू नये. मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाही. रविवारी दहापर्यंत झोपणंही नाही.

ऑरा आला, की काय करायचं? दुचाकी किंवा गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या आणि पूर्ण दिसेपर्यंत हलू नका. लोकलमध्ये असाल तर दारापासून आत सरका. शिडी, गॅस, सुरी, मशीन यांपासून दूर व्हा. घरच्यांना आणि कामावरच्या एखाद्याला आधीच सांगून ठेवा, की अशा वेळी मी अर्धा तास बोलले नाही तरी घाबरू नका, वेळ मात्र बघा. चालू असलेला ऑरा मध्येच थांबवणारं खात्रीचं औषध आज नाही. ट्रिप्टान गटातली गोळी डोकं दुखायला लागल्यावर घ्यायची असते. ऑरातच घेतली तर तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. हृदयविकार असलेल्यांनी ती घ्यायची नाही. अॅटॅकमध्ये जठराचं काम मंदावतं, म्हणून मळमळतं आणि गोळी पोटात पडून राहते. उलटी थांबवणारं औषध सोबत दिलं जातं ते त्यासाठी. बोटं घालून उलटी काढल्याने पित्त पडून मायग्रेन बरं होतं, ही समजूत सोडलेली बरी.

कपाटातल्या वेदनाशामक गोळ्यांचाही हिशेब ठेवायला हवा. साधी गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान किंवा दोन-तीन औषधांची एकत्र गोळी 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. किराणा दुकानात सुटी मिळणारी गोळीही यात मोजायची.

बायकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायलाच हवी. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये लकव्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. तरुण वयात मुळात तो फार कमी असल्याने दुप्पट होऊनही कमीच राहतो. पण इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि सिगारेटने तो वाढतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ऑरा असलेल्या स्त्रीने अशा गोळ्या घ्यायच्या नसतात. माला-डीसारख्या नेहमीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. कॉपर-टीसारखे पर्याय आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना ‘मला ऑरा येतो’ हे स्वतःहून सांगा, कारण हा प्रश्न विचारला जाईलच याची खात्री नाही. पाळी अनियमित आहे म्हणून दिलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनाही हे लागू आहे.

महिन्यात चार किंवा अधिक दिवस मायग्रेनमध्ये जात असतील, किंवा ऑरामुळे काम नि वाहन चालवणं बंद पडलं असेल, तर रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांचा विचार करतात. प्रोप्रानोलॉल दमा असलेल्यांना चालत नाही. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, मन उदास होऊ शकतं. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, त्या ऑराच्या समजू नयेत. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही औषधं गर्भाला घातक आहेत. ऑराच जास्त त्रासाचा असेल तर काही जणांना लॅमोट्रिजिनचा उपयोग होतो. त्याचा डोस फार सावकाश वाढवतात आणि अंगावर पुरळ आलं तर थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं लागतं. यातलं काय कोणाला, हे ठरवायला पेशंटची पूर्ण हकिगत लागते. शेजारणीला लागू पडलेली गोळी म्हणूनच तुम्ही घ्यायची नसते.

ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात, ही आमच्या व्यवसायाची उणीव आहे आणि तिचं समर्थन मी करणार नाही. ती भरून काढायचा एक मार्ग पेशंटच्या हातात आहे. येताना एका पानावर लिहून आणा : महिन्यात किती ऑरा, प्रत्येक किती मिनिटांचा, कोणत्या बाजूला, डोकं दुखलं का, किती गोळ्या घेतल्या, पाळीची तारीख, आणि चालू असलेली सगळी औषधं. ‘खूप त्रास होतो’ याच्यावर मी सहानुभूती दाखवू शकते. ‘महिन्यात आठ, सरासरी पंचवीस मिनिटं’ याच्यावर उपचार ठरवू शकते.

औषध सुरू झाल्यावर तेच पान पुढे चालू ठेवा. आठ ते बारा आठवडे पूर्ण डोस घेतल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही हे कळत नाही, आणि निम्मे लोक त्याआधीच ‘फरक नाही’ म्हणून सोडून देतात असं मला माझ्या ओपीडीत वाटत आलं आहे. आठाचे चार झाले तर औषधाला यश आलं असं आम्ही मानतो. शून्याचं वचन कोणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. फरक पडला नाही तर दुसरं औषध आहे, तिसरं आहे, महिन्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनंही आता भारतात मिळतात, महाग असली तरी. डॉक्टर बदलायचा असेल तर खुशाल बदला. नोंदींचं ते पान मात्र नव्या डॉक्टरकडे घेऊन जा, म्हणजे उपचार पुन्हा चष्म्याच्या नंबरापासून सुरू होणार नाहीत.