लसणाचा आवाज

भडंगात चुरमुरा सादळला तर त्याला पुन्हा ऊन दाखवता येतं. तिखट कमी पडलं तर थोड्या तेलात फिरवून वरून लावता येतं. मीठ चढलं तर चुरमुऱ्याचं माप वाढवायचं. लसणाला मात्र दुरुस्ती नाही. तो आत ओला राहिला तर दोन दिवसांत सगळा डबा वातड होतो, आणि करपला तर कडूपणा तेलात उतरतो, मग तेच तेल चुरमुऱ्याच्या दाण्यादाण्यावर जाऊन बसतं. धंद्यातल्या माणसाला बाकीची कृती सांगायची गरज नाही. शेंगदाणा कुठला, तिखटात ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती, पिठीसाखर घालायची की नाही, यावर आमच्यात कधीच एकमत होणार नाही आणि झालंही नाही पाहिजे. मला लिहायचंय ते लसूण कढईतून कधी काढायचा एवढ्याबद्दलच.

सांगलीत गावभागात आमचं लहान दुकान. वडील गाडीवर विकायचे, संध्याकाळी गणपती मंदिराच्या बाजूला. त्यांनी मला लसूण वासावर काढायला शिकवलं. तेलात पडल्यावर लसणाचा पहिला वास तिखट, डोळ्यांत जाणारा. तो ओसरतो आणि गोडसर वास येतो. या गोडसर वासाला नवशिका फसतो, कारण तो इतका चांगला असतो की झालंच असं वाटतं. पण तेव्हा पाकळीच्या पोटात पाणी असतं. गोडानंतर एक खमंग, शेंगदाणा भाजल्यासारखा वास उठतो, आणि त्या खमंगाच्या शेवटाला, अगदी शेवटाला, कडवटपणाची एक कड लागते. ती कड लागायच्या आत झारा फिरला पाहिजे. कारण लसूण तेलातून निघाला तरी शिजायचा थांबत नाही. अंगावरच्या तेलाच्या उष्णतेनं तो परातीत पडून अजून दोन छटा तांबूस होतो. म्हणजे काढताना तो झालेला दिसता कामा नये.

हे मला जमायचं आणि मला त्याचा माज होता. नुसता जमायचा आनंद असता तर गोष्ट वेगळी. मी कढईकडे पाठ करून गल्ल्यावर पुडे बांधत बसायचो, गिऱ्हाइकाशी बोलायचो, आणि बोलता बोलता मान न वळवता पोराला म्हणायचो, 'काढ.' समोरचा माणूस चकित व्हायचा. तो व्हावा म्हणूनच मी पाठ करून बसायचो. मराठी रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला, भावे पुरस्काराच्या निमित्तानं बाहेरगावचे नाटकवाले सांगलीत येतात. त्यांतले कुणी दुकानात आले तर मी हा प्रयोग हमखास करायचो. नाटक बघणाऱ्यांना नाटक दाखवायची हौस.

२०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, ताप आला आणि नाक गेलं. ताप उतरला, अशक्तपणा गेला, नाक आलं नाही. तोंडाला मीठ कळायचं, साखर कळायची, तिखट झोंबायचं. पण लसूण जिभेनं कळत नाही, तो नाकानंच कळतो, हे मला तेव्हा समजलं. पुढे काही वास परतले. साबण आला, पेट्रोल आलं, पहिल्या पावसाची माती आली. कांदा, लसूण आणि कॉफी मात्र परतले ते विद्रूप होऊन. आजही गरम तेलात लसूण पडला की मला जळत्या टायरसारखी घाण येते, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकसारखी. कच्च्याला तीच, झालेल्याला तीच, करपलेल्यालाही तीच. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचं असं झालंय, कांदा-लसणाचंच जास्त होतं. त्यानं मला दिलासा मिळाला नाही. पुष्कळांना त्या वासावर पोट भरायचं नव्हतं.

लोक म्हणाले, रंग बघून काढा. रंगावर लसूण काढणाऱ्यांचं भडंग मी खाल्लेलं आहे. आम्ही लसूण सालासकट ठेचतो. ठेचला म्हणजे सारख्या आकाराचे तुकडे पडत नाहीत. काही नुसते चेपलेले, काही भुगा, मध्ये सालाचे पापुद्रे. भुगा आधी तांबूस होतो आणि डोळा तिकडेच जातो. शिवाय तेल स्वतःच पिवळं, ट्यूबलाइट पांढरी, सकाळच्या उजेडात एक रंग आणि संध्याकाळी दुसरा. घड्याळावर तर मुळीच जमत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा लसूण येतो, तो पाण्यानं भरलेला असतो, कढईत वेळ खातो. तोच लसूण दिवाळीपर्यंत सुकून हलका झालेला असतो आणि बघता बघता हातातून जातो. श्रावणात कृष्णा फुगली की गावभागातली हवाच ओली होते, भिंती ओल्या, मीठ ओलं. त्या दिवसांत लसूण जरा जास्त भाजावा लागतो, कारण तो डब्यात गेल्यावर हवेतलं पाणी परत ओढतो. किती जास्त, हे कोणतंही घड्याळ सांगत नाही.

पुराचं सांगायला लागलो तर लेख तिकडेच वाहून जाईल. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा पाणी दुकानात आलं. २००५ ला हरिपूरची हळदीची पेवं बुडाली, तेव्हापासून माझे वडील भडंगात घालायची हळद हातावर चोळून बघितल्याशिवाय घेत नसत. २०२१ च्या जुलैत पाणी आलं तेव्हा माझं नाक नुकतंच गेलेलं होतं. पूर ओसरल्यावर गल्लीला जी दुर्गंधी सुटते तिच्यातून मी एकटा नाकाला रुमाल न लावता फिरत होतो. शेजारी म्हणाले, धीराचा माणूस आहे. मी त्यांना खरं सांगितलं नाही.

कान वापरायचं मला मिरजेच्या एका गिऱ्हाइकानं सुचवलं. तंबोरे करणारा माणूस, सतारमेकरांच्या गल्लीतला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही गोष्ट त्याच्या आधीची. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा कानस लावून घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासला की घोडी गेली. माझं आणि त्याचं दुखणं एकच, हे त्याला माझ्याआधी कळलं. तो माझ्या भट्टीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, 'अण्णा, या बर्नरच्या घरघरीत तुम्हाला ऐकायला काय येणार? आधी हा बंद करा.'

मी गॅस बंद केला. तेल तापलेलंच होतं, लसूण उड्या मारतच होता. आणि इतकी वर्षं कढईजवळ काढून मला पहिल्यांदा लसूण ऐकू आला.

लसूण टाकताक्षणी खळखळ होते, ती पाण्याची. मग चरचर, मग बारीक चुरचुर, मग ती चुरचुर विरळ होते आणि सुट्या सुट्या टिचक्या ऐकू येतात. पाकळीतलं पाणी संपत आलं की बुडबुडे संपतात, बुडबुडे संपले की आवाज संपतो. पूर्ण शांत झाला तर मात्र उशीर झाला. पाणी उरलंच नाही म्हणजे आता जळायला फक्त लसूण उरला. तेव्हा चुरचुर संपून टिचक्या सुरू होतात त्या सांध्यावर तो काढायचा. हे लिहायला सोपं आहे. गॅस नेमका कधी बंद करायचा, हा प्रश्न त्यानं सुटत नाही, उलट नवा तयार होतो. लवकर बंद केला तर तेल निवतं, लसूण नुसता तेल पीत बसतो आणि मऊ पडतो. उशिरा केला तर ऐकायला काही उरत नाही. तेल किती, कढई किती जाड, पंखा चालू की बंद, यावर ते ठरतं. मी घाणा लहान केला. पहाटे, रिक्षा सुरू व्हायच्या आत तळायला लागलो. गणपतीच्या दिवसांत, जेव्हा भडंगाला सगळ्यात जास्त मागणी असते, तेव्हा चौकात स्पीकरची भिंत उभी असते आणि मी बहिरा होतो.

पाकिटातल्या भडंगाबद्दल मला बोलायचंच आहे, तर इथेच बोलतो. फिरत्या ड्रममध्ये चुरमुरे घोळायचे, वरून सुकवलेल्या लसणाच्या चकत्या किंवा नुसती भुकटी, तेल जे स्वस्त ते, आणि चुरचुरीत राहावं म्हणून पाकिटात नायट्रोजन. चार महिने टिकतं, मुंबई-दुबईला जातं. जाऊ दे. पण पाकीट फोडताना जो लसूण येतो तो दुसऱ्या घासाला संपलेला असतो, असं मी नाक शाबूत असताना अनुभवलेलं आहे. भडंगातला लसूण शेवटच्या घासाला लागला पाहिजे, पुड्याच्या तळाशी तेलकट भुगा उरतो त्यात. आमच्याकडची पोरं पुडा फाडून तो तळ चाटतात. जयसिंगपूरवाल्यांशी आमचं जुनं वैर आहे, पण त्यांचा लसूण खरा असतो, हे मी मान्य करतो. कोल्हापुरात भडंगाचीच भेळ करतात, तीही बसून खावी अशी असते. वर कच्चा कांदा, कोथिंबीर पडली की भडंग वाईट असलं तरी लपतं, एवढीच माझी तक्रार.

माझे मेहुणे साताऱ्याला पेढ्याच्या भट्टीवर आयुष्यभर उभे राहिले. कंदी पेढ्यात सगळं खव्यावर असतं, म्हशीच्या दुधाचा खवा, साखर हात राखून, आणि खवा भाजून तांबूस करायचा. त्यांचा खांदा गेल्यावर मालकानं मोटारीवर फिरणारी कढई आणली. मी गेलो होतो तेव्हा ते तिच्याकडे बघत बसले होते. म्हणाले, 'दाजी, हे मशीन तळ लागूच देत न्हाय. आन् तळ जरासा लागल्याबिगर कंदी पेढ्याला चव कुठनं यायची?' तो जरासा म्हणजे किती, हे सांगायला ते तिथे पगारावर होते. आता मालक म्हणतो, चव तीच आहे. गिऱ्हाईकही म्हणतं, तीच आहे. मला त्या पेढ्याची चव आता कळत नाही, पण मेहुण्यांच्या तोंडाकडे बघून मला त्यांचंच खरं वाटलं.

मग सूनबाई भट्टीवर आली. ती तासगावकडची, माहेरी द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड. लहानपणापासून जाळीच्या रॅकवर सुकणारा बेदाणा मुठीत दाबून ओल किती राहिली हे सांगणारी पोर. तिचं नाक चांगलं आहे, माझं होतं त्याहून चांगलं असावं, पण तिचा विश्वास बोटांवर. ती झाऱ्यावर एक पाकळी उचलते, फुंकते, आणि दोन बोटांत दाबून बघते. मी सांगितलं, बोटांत मोडली म्हणजे उशीर झाला, परातीत ती अजून पुढे जाणार. ती म्हणाली, 'मोडायची वाट नाही बघत अण्णा, दबताना किती नडते ते बघते.' तिच्या हातच्या घाण्याला गिऱ्हाईक म्हणालं, अण्णा, तुमची चव पूर्वीसारखी झाली की. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतक्या पहाटे उठून मी कानानं जे मिळवलं होतं ते कुणाला वेगळं कळलंच नव्हतं, आणि जे कळलं ते तिचं होतं.

यंदा मार्चमध्ये नवा लसूण आला तेव्हा तिनं माहेरचं डोकं चालवलं. ठेचलेला लसूण दोन दिवस सावलीत जाळीवर पसरला, बेदाण्यासारखा, आणि मग तळला. पाणी आधीच कमी, त्यामुळे सगळे तुकडे बरोबरीनं होतात, भुगा करपत नाही, गॅस बंद करण्याची कसरत उरत नाही. जुलैच्या ओल्या हवेतही तिचा डबा माझ्यापेक्षा आठवडाभर जास्त चुरचुरीत राहिला. हे मी हात लावून बघितलं आहे, यात वाद नाही. वाद चवीचा आहे. माझं म्हणणं, उघड्यावर सुकताना लसणाचा अर्धा जीव उडून जातो. ओला लसूण तेलात ओरडतो तेव्हाच तेल वास धरतं, आणि भडंग म्हणजे शेवटी ते तेलच. तिचं म्हणणं, तसं काही होत नाही, आणि तुम्हाला ते कळायचं कसं? बायकोनं डोळे मिटून दोन्ही खाल्लं आणि कुठलं कुणाचं ते बरोबर ओळखलं, पण जास्त चांगलं कुठलं ते सांगायला तिनं साफ नकार दिला.

तेव्हा दुकानात सध्या दोन डबे आहेत. गिऱ्हाइकानं विचारलं तर फरक सांगतो, टिकायला कुठलं बरं तेही सांगतो. विचारलं नाही तर माझ्या डब्यातलं देतो. सूनबाईला हे माहीत आहे. मी जेवायला घरी गेलो की ती डबे फिरवून ठेवते.